राखणदार कुत्रा आणि घरी येणारं बाळ : या चुका टाळा

"आमचा शेरू बाळाजवळ कुणाला फिरकू देत नाही," असं घरोघरी कौतुकानं सांगितलं जातं. काळजीची गोष्ट ही की, पाळण्याजवळ कोण येणार हे त्या घरात कुत्रा ठरवतोय. आज तो मालिशवाल्या मावशींवर गुरगुरतो, उद्या आजीवर, आणि सात-आठ महिन्यांनी बाळ रांगत त्याच्या ताटलीशी गेलं की बाळावर. जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर असला तर लोक निदान सावध असतात. पण पॉमेरेनियन किंवा रस्त्यावरून आणलेला देशी कुत्राही आपल्या माणसाची तितकीच कडक राखण करतो, आणि ३ किलोच्या बाळाला पॉमेरेनियनचा चावासुद्धा फार असतो. राखणीचा हा अधिकार बाळ यायच्या आधीच काढून घ्यावा लागतो. त्याला चारेक महिने लागतात, म्हणून गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात कामाला लागा.

गरोदरपणात पोटाला टेकून झोपू देणं

"त्याला कळलंय बाळ येणार ते," म्हणून हे लाड चालतात. कुत्र्याला बदललेला वास, मंदावलेली चाल आणि दिवसभर घरात असणारी मालकीण जाणवते. तो तिला जास्त चिकटतो आणि हळूहळू तिच्यावर हक्क सांगू लागतो. नवरा पलंगाजवळ आला की मध्ये येऊन उभं राहणं, अंग ताठ करणं, तिच्या मांडीवर पंजा ठेवून दुसऱ्याकडे रोखून बघणं ही त्याची सुरुवात. उद्या तिच्या मांडीवर बाळ असेल तेव्हाही तो हेच करेल.

उपाय असा : पलंग आणि सोफा बंद. शेजारी जमिनीवर त्याची सतरंजी घाला. तो मध्ये घुसला की बाईंनी न बोलता उठून दुसऱ्या खोलीत जायचं, कारण ज्या जागेची तो राखण करतोय ती जागाच मग उरत नाही. दुसरीकडे, नवरा ६-७ फुटांवर दिसला की लगेच बाईंनी कुत्र्याला उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा द्यायचा. नवरा मागे गेला की खाऊ बंद. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. पंधरा दिवसांत बहुतेक कुत्री नवरा आला की खाऊसाठी बाईंकडे बघू लागतात. तसं झालं की अंतर कमी करा, मग सासूबाई, मग कामवाल्या ताई.

जाता जाता : "कुत्र्याचे केस पोटात जातील, सोडून द्या त्याला," असा सल्ला या काळात हमखास मिळतो. गरोदरपणात ज्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूची भीती असते तो मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो, कुत्र्याच्या केसांतून नव्हे. कुत्र्याची रेबीजची लस वेळेवर आहे का, जंतांचं औषध वजनाप्रमाणे दिलंय का, गोचीड आहेत का, हे बघा. शिवाय कान, दात आणि कंबर डॉक्टरांकडून तपासून घ्या. कान ठणकणारा कुत्रा कितीही शहाणा असला तरी अचानक हात लागला की उलटतो.

गुरगुरला की रट्टा देणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. गुरगुरणं म्हणजे "मला हे जमत नाहीये, लांब व्हा" असं सांगणं. त्यावर चप्पल उगारली की कुत्रा सांगणं बंद करतो. त्याची भीती मात्र तशीच राहते, उलट बाळ दिसलं की मार बसतो असं तो शिकतो. मग "काही न करता एकदम चावला" अशी तक्रार येते. एकदम क्वचितच कुणी चावतं. गुरगुरण्याच्याही आधी पाचसहा खुणा झालेल्या असतात : समोर खायला काही नसताना नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मान वळवूनही डोळा बाळाकडेच आणि त्या डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, तोंड मिटून श्वास रोखणं, आणि शेवटी पुतळ्यासारखं गोठणं. शेपूट हलतेय यावर विसंबू नका. ताठ, उंच धरलेली आणि बारीक थरथरणारी शेपूट लाडाची नसते.

गुरगुरला तर रागावू नका, गोंजारूही नका. बाळाला घेऊन शांतपणे बाजूला व्हा, कुत्र्याला हाक मारून दुसऱ्या खोलीत न्या, आणि नेमकं कोणत्या अंतरावर, कशामुळे झालं ते लिहून ठेवा. पुढचा सराव त्या अंतराच्या दुप्पट लांबून सुरू करायचा.

रडण्याचं रेकॉर्डिंग मोठ्यानं लावून ठेवणं

"सवय होईल" म्हणून ब्लूटूथ स्पीकरवर तासभर रडणं लावलं की कुत्र्याला सवय न होता धसका बसतो. आवाज इतका बारीक ठेवा की त्याचा कान वळेल पण खाणं थांबणार नाही. क्रम चुकवू नका : आधी रडणं सुरू, दोन सेकंदांनी खाऊ, रडणं थांबलं की खाऊ बंद. खाऊची पिशवी आधी वाजली तर तो आवाजाचं काहीच शिकत नाही. रोज दोनदा पाच मिनिटं आणि दर दोन-तीन दिवसांनी आवाज एक काडी वर. तो उठून येरझाऱ्या घालू लागला तर दोन काड्या खाली या. एकच क्लिप घासू नका. भुकेचं, अंघोळीचं, झोपेचं रडणं वेगवेगळं असतं.

बाहुलीनं कुत्रा फसत नाही, एकदा हुंगला की त्याला कळतं. बाहुलीचा उपयोग तुम्हाला : एका हातात गाठोडं धरून दुसऱ्या हातानं दार उघडणं आणि कुत्र्याला "जागेवर" सांगणं याची रंगीत तालीम होते.

"जागेवर" न शिकवताच पाहुणे बोलावणं

बाळ आलं की घंटा दिवसाला दहा वेळा वाजते. राखणदार कुत्र्याचा तोल इथेच सुटतो, म्हणून घंटा म्हणजे सतरंजी एवढं एक पक्कं करा. पहिला आठवडा घंटा नाही : सतरंजीकडे बोट, "जागेवर", चारही पाय आले की खाऊ, १० सेकंदांनी "चल" म्हणून मोकळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात २ मिनिटांपर्यंत. मग घरातल्या कुणी बाहेर जाऊन घंटा वाजवायची, दिवसाला पाच वेळा, दार न उघडता. मग दार उघडून, मग शेजारी आत येऊन बसून. सातव्या-आठव्या आठवड्यात २० मिनिटं टिकलं पाहिजे. लोक घाईनं पहिल्याच दिवशी घंटा आणि पाहुणा दोन्ही आणतात, कुत्रा धावतो, आणि "याला कळतच नाही" असा निकाल लागतो.

साखळीनं गॅलरीत बांधणं हा पर्याय नव्हे. आवाज ऐकू येतो, दिसत नाही, जाता येत नाही. त्यातून चिडच वाढते. खोलीच्या दाराला सुताराकडून जाळीचं अर्धं दार करून घ्या, मोठ्या कुत्र्यासाठी निदान ३ फूट उंच. वन रूम किचनमध्ये दाराची सोय नसेल तर क्रेट (कुत्र्याचा पिंजरा), तोही दोन-तीन महिने आधीपासून, दार उघडं ठेवून, त्यात जेवण देऊन.

माहेरच्या महिन्यांचा हिशेब न धरणं

बाई सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की येते. या पाच महिन्यांत घरी एकटा नवरा आणि कुत्रा. पलंग पुन्हा सुरू, फिरायच्या वेळा वाटेल तशा, शिकवलेलं विसरलेलं. नवऱ्यानं वर सांगितलेले सराव रोज १५ मिनिटं चालू ठेवायचे आणि फिरणं बाळ आल्यावर झेपेल त्याच वेळेला लावायचं. बाळ यायच्या आठवड्यात सगळं एकदम बदललं की कुत्र्याच्या हिशेबी त्याचे हाल बाळासोबतच आले.

उलटही होतं. कुत्रा माहेरचा, आणि बाळ पाचव्या दिवशीच तिथे. तिथे तयारी आजी-आजोबांनी करायची असते, आणि "तो तर हिला लहानपणापासून ओळखतो" यावर सगळे निर्धास्त असतात. तो हिला ओळखतो, बाळाला नाही.

उंबरठ्यावरच ओळख करून देणं

बाळ दारात, भाकरतुकडा ओवाळला जातोय, सगळे एकदम बोलतायत, आणि कुत्रा पायांत. भाकरीचा तुकडा फेकला की तो झेपावणार. तेव्हा त्या दिवशी कुत्र्याला आधी ४० मिनिटं चालवून आणा आणि आतल्या खोलीत चघळायला देऊन बंद ठेवा. ओवाळणं उरकलं, बाळ निजलं की आईनं रिकाम्या हातानं त्याला भेटायचं. इतक्या दिवसांचा उड्यांचा कोटा तिथे संपू दे. बाळाचं वापरलेलं दुपटं ३-४ फुटांवरून हुंगू द्या, तोंडात देऊ नका.

खरी भेट दुसऱ्या दिवशी. बाळ घेतलेली व्यक्ती बसलेली, दुसऱ्याच्या हातात सैल लीश (गळपट्ट्याची दोरी), अंतर ७-८ फूट. कुत्रा बाळाकडे बघून स्वतःहून नजर वळवतो, त्या क्षणी खाऊ. एक-दोन मिनिटांत संपवा, दिवसातून तीन-चारदा करा. आठवडाभरात तो सैल राहिला तर पाय हुंगू द्या, तीन सेकंद, मग हाक मारून मागे. तोंडाजवळ बाळ नेऊन फोटो काढणं नको, आणि लीश ताणून धरणंही नको. ताणाचा अर्थ कुत्रा "धोका आहे" असाच घेतो.

अंघोळीची वेळ विसरणं

मावशी अनोळखी, त्या बाळाला पायांवर घेऊन चोळतात आणि बाळ टाहो फोडतं. कुत्र्याच्या नजरेनं हा सरळ हल्ला आहे. मावशींना बाळंतपणाआधीच दोन-तीनदा चहाला बोलवा आणि कुत्रा सतरंजीवर असताना बसवा. नंतर रोज अंघोळीच्या वेळी त्याला फिरायला न्या. धुरी आणि वेखंडाचा वासही आधी ओळखीचा करून ठेवा.

पाळण्याचं वेगळंच. हलणारी झोळी आणि आतून बारीक चिरका आवाज यामुळे काही कुत्र्यांत राखणीऐवजी शिकारीची नजर जागी होते. तो गोठून, कान पुढे करून, हाक न ऐकता झोळीकडे बघत असेल तर कौतुक नको. दार बंद. झोळी किती उंच आहे यावर भरवसा ठेवू नका, मोठा कुत्रा मागच्या पायांवर उभा राहतो. दूध गरम करायला जातानाही दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही. एक तरी सोबत न्या.

बारशाला कुत्रा घरात नसलेलाच बरा, पण त्या दिवशी पहिल्यांदाच बोर्डिंगला (कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी) टाकू नका; आधी एक-दोन रात्री ठेवून बघा.

बाळंतिणीच्या खोलीतला खाऊ आणि औषधं

मनुका-बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, त्यामुळे ते घातलेले लाडू उंचावर. लोहाच्या गोळ्या आणि व्हिटॅमिन डीचे थेंब जास्त पोटात गेले तर विषारी. वापरलेल्या डायपरचं कुत्र्यांना भलतं आकर्षण असतं. आतली जेल पोटात फुगून आतडं अडू शकतं. झाकणाचा, पायानं उघडणारा डबा घ्या.

तरीही बिघडलं तर

बाळ रडलं की भुंकतो : रेकॉर्डिंगचा सराव वरच्या पायरीवरून सुटलाय, पुन्हा बारीक आवाजावर या. घरात लघवी करू लागला : राग धरलाय असं समजू नका, फिरण्याच्या वेळा चुकल्यात का बघा, नाहीतर लघवीची तपासणी करा. बाळाचे कपडे पळवून त्यावर बसतो : ओढू नका, खाऊच्या बदल्यात "सोड", आणि कपडे बंद टोपलीत. फक्त आई असतानाच गुरगुरतो : आईशेजारची जागा पुन्हा त्याच्या ताब्यात गेलीय, पहिल्या चुकीचा उपाय परत सुरू करा. नसबंदी केली की राखण सुटते असं नाही, आणि बाळ यायच्या तोंडावर शस्त्रक्रिया करून टाके घातलेला कुत्रा घरात आणणं तर नकोच.

आधी कुणाला चावलेला असेल, ताटलीवर झडप घालत असेल किंवा बाळाकडे वर सांगितल्यासारखा गोठत असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा. वागणुकीचं काम करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा, आणि तोवर दोन अडसर हवेत : बंद दार आणि जाळीचा मझल (तोंडाचं मुसकं). मझलमध्ये तोंड उघडून धापता आणि पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळून बांधणारी कापडी पट्टी चालत नाही. मझलची सवयही आतून खाऊ चाटवत दोन-तीन आठवड्यांत लावतात. काही कुत्र्यांसाठी वर्षभर आजोळी राहणं हाच बरा मार्ग ठरतो.

दात लागलाच, नुसता ओरखडा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. ते असलं तरी बाळाला रेबीजची लस द्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.