बोरीबंदर ते दादर: पोरांसाठी झाडांची बस कशी आखाल

एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या पोरांना बसची सहल घडवायचं खूळ डोक्यात शिरलं. आतापर्यंत चार झाल्या. पहिली साफ फसली. चौथी इतकी जमली की शेजारच्या दोन सोसायट्यांनी "कसं केलंत ते लिहून द्या" असा तगादा लावला. म्हणून हे लिहितोय.

थीम म्हटलं की लोकांना आधी स्टिकर आठवतात. बसला कार्टून चिकटवा, फुगे बांधा. अहो, बाहेर चिकटवलेलं चित्र आत बसलेल्या पोराला दिसणार कसं? त्याला दिसते खिडकी. तेव्हा विषय असा घ्या की जो खिडकीतून दिसेल आणि थांब्यागणिक पुढे सरकेल. मुंबईत तो पाट्यांवर आयता लिहून ठेवलाय: भेंडी बाजार, चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव, फणसवाडी, उमरखाडी. इतकी झाडं नावात ठेवून शहर सिमेंटचं झालं, हेच पोरांना दाखवायचं. आम्ही नाव दिलं 'झाडांची बस'.

मार्ग एकच घ्या आणि त्याला गोष्ट असू द्या. आमचा मार्ग शेवटच्या ट्रामचा. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून निघून दादरला पोचली. अंतर साधारण नऊ किलोमीटर, म्हणजे पोरं कंटाळायच्या आत संपणारं. बसचे नंबर मुद्दाम देत नाही. मार्ग बदलत असतात, आदल्या रविवारी स्वतः थांब्यावर उभं राहून बघून या. बघताना एक गोष्ट पक्की करा. क्रॉफर्ड मार्केटनंतर बस जे. जे. उड्डाणपुलाखालून जाते की वरून? वरून गेली तर पायधुणी नाही, भेंडी बाजार नाही, नुसत्या इमारतींच्या गच्च्या. पहिल्या सहलीत माझं तेच झालं. पोरं हातात कागद घेऊन भेंडी बाजार शोधतायत आणि आपण थेट भायखळ्याच्या दिशेने. इतकी वर्षं याच रस्त्यांवर तिकिटं फाडली, पण चढताना पाटी नीट वाचायची विसरलो!

प्रत्येक थांब्याला एक खूण हवी. ही कल्पना सूनबाईंची. त्या चित्रकार. त्यांनी सांगितलं, मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या डिझायनरच्या कल्पनेतून स्टेशनांना चित्रं मिळाली, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कुठे उतरायचं ते कळावं. तिथल्या चापुल्तेपेक स्टेशनवर नाकतोडा आहे, कारण त्या नावाचा अर्थच नाकतोड्याची टेकडी. मी म्हटलं, मग चिंचपोकळीला चिंच का नको?

आम्ही ठसे केले. चिंचेचा बटाट्यावर कोरला. वाकडा आकडा, मधे तीन फुगवटे, झाली चिंच. भेंडी बाजारासाठी तर काही कोरावंच लागलं नाही. भेंडी देठाकडून आडवी कापायची, निळ्या शाईत बुडवायची, कागदावर ठेवून अंगठ्याने दाबायची. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, मधल्या बियांच्या खाचांसकट. नातीने पहिला ठसा मारला आणि विचारलं, "आजोबा, इथे भाजीचा बाजार होता का?" नव्हता. भेंड नावाचं झाड असतं, पिवळ्या फुलांचं. ते फूल बरंचसं भेंडीच्या फुलासारखं दिसतं, दोन्ही एकाच कुळातली. त्या झाडावरून नाव पडलं म्हणतात. दुसरे म्हणतात, साहेब 'बिहाइंड द बझार' म्हणायचा, त्याचं भेंडी बाजार झालं. अशा जागी आपण निकाल देऊ नये. आम्ही बसमध्येच हात वर करायला लावले. झाड नऊ, साहेब तीन.

भायखळ्याचंही तसंच, बहाव्याचं खळं म्हणून भायखळा असं सांगतात. बोरीबंदरात बोरं नाहीत, पोती होती असं बरेच जण मानतात, तरी पोरांनी बोराचा ठसा हट्टाने मारलाच. मारू द्या. पायधुणीला झाड नाही, पण नाव ऐकून पोरं इतकी खूश झाली की तिथे पावलाचा ठसा ठेवला. घोड्यांची पहिली ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली, ती कुलाब्याहून इथवर यायची. भाडं तीन आणे, आणि सुरुवातीला तिकीटच द्यायचे नाहीत. कंडक्टरच्या दृष्टीने हे स्वर्ग की नरक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता खरं महत्त्वाचं: शी-शू, पाणी आणि उलटी. हे आधी ठरवा, ठसे नंतर. पहिल्या सहलीत मी नऊ ठिकाणी उतरायचं ठरवलं होतं, तेही मे महिन्यात. तिसऱ्या ठिकाणी एक पोरगी ओकली, चौथ्या ठिकाणी दोघांना एकदम लागली आणि आसपास काही सोय नाही. आता उतरायचं फक्त भायखळ्याला. राणीच्या बागेत सावली आहे, स्वच्छतागृहं आहेत, पेंग्विन आहेत आणि झाडांच्या सहलीत बसेल अशी गोरखचिंचही आहे. तिच्या बुंध्याला कवेत घ्यायला किती पोरं लागतात ते मोजा. बुधवारी बाग बंद असते. बाकी सगळे ठसे चालत्या बसमध्ये, मांडीवर पुठ्ठा ठेवून. शाईचा पॅड मोठ्या माणसाच्याच हातात ठेवा.

मंडळी किती? बारा पोरं, चार मोठे. प्रत्येक मोठ्याकडे तीन पोरं, आणि तीच तीन शेवटपर्यंत. एक मोठा सगळ्यात आधी चढतो, एक सगळ्यात शेवटी. रविवारी सकाळी आठला निघा, बस रिकामी असते. तरी सोळाजण एकाच दारात घुसू नका, नोकरदार माणूस खाली राहतो आणि मग शिव्या बसतात, योग्यच. आठ-आठच्या दोन तुकड्या करून लागोपाठच्या बसनी या. शक्य असेल तर खिडकी उघडणारी साधी बस पकडा. किमान भाडं साध्या बसला १० रुपये, एसीला १२.

थांब्यावरचा वेळ फुकट घालवू नका. बसच्या कपाळावर नंबर मराठी आकड्यांत असतो. इंग्रजी माध्यमातली पोरं ६ आणि ९ मध्ये हटकून अडखळतात, १ ला तर कोणी ९ म्हणतं. जो आधी बरोबर ओळखेल त्याला खिडकी. आणि घंटीची भाषा शिकवा: एक टोला थांब, दोन टोले चल. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हल्ली पोरं तोंडाने डबल बेल देतात.

भायखळ्यानंतर चिंचपोकळी, लालबाग, परळ भराभर येतात, तिथे गप्पा कमी, ठसे जास्त. दादर टीटीला उतरल्यावर शेवटचं कोडं: टीटी म्हणजे काय? तिकीट तपासनीस, टेबल टेनिस, सगळी उत्तरं येतात. ट्राम टर्मिनस कोणालाच सुचत नाही, पालकांनाही नाही. ट्राम गेली, तिची दोन अक्षरं तेवढी राहिली.

परत लोकलने येणार असाल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघा. आणि तिकिटाचे पैसे प्रत्येक पोराच्या हातात सुट्टे द्या, त्याचं त्याला काढू दे. वेळ लागतो, कंडक्टर कुरकुरतो. मीही कुरकुरायचो.