यीस्टमधलं मायोसिस: ‘जनुक बंद आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नॉर्दर्न ब्लॉट या आरएनए शोधायच्या चाचणीत आरएनए दिसला नाही, की ‘जनुक बंद’ असं वहीत लिहून मोकळं व्हायचं, ही सवय शिझोसॅकरोमायसिस पाँबे या यीस्टवर काम करताना हमखास गोत्यात आणते. नेहमीच्या वाढीतही त्याच्या मायोसिसच्या, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाच्या, कित्येक जनुकांवरून आरएनए बनत असतो. तो टिकू दिला जात नाही, एवढंच. एमएमआय१ हे प्रथिन त्या आरएनएवरचा डीएसआर हा ‘नष्ट करा’ अशी खूण असलेला भाग ओळखतं आणि केंद्रकातलं एक्झोसोम हे आरएनए तोडणारं यंत्र त्याचा फडशा पाडतं. टोकियोतल्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने २००६ साली हे दाखवलं. प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, बदलून कायम चालू राहणारा लावला, तरी वाढत्या पेशीत हा आरएनए साचत नाही! म्हणून निष्कर्ष काढण्याआधी तोच आरएनए आरआरपी६ हा एक्झोसोमचा घटक नसलेल्या स्ट्रेनमध्ये (वाणात) तपासा. तिथे दिसला, तर प्रमोटरला दोष देऊ नका.

एमएमआय१ थेट काढून टाकण्याची घाईही नको. एमईआय४सारख्या मायोसिसच्या जनुकांचे आरएनए अवेळी साचतात आणि पेशी जेमतेम वाढतात. अशा प्लेटवर एखादी कॉलनी जोमाने वाढली, तर आनंदण्याआधी दुसरं म्युटेशन झालंय का ते पाहा. एमईआय४ आधीच काढलेला स्ट्रेन घेणं जास्त भरवशाचं.

पॅट१-११४ स्ट्रेन (त्यात मायोसिस रोखणारं पॅट१ प्रथिन उष्णतेत निकामी होतं) ३४ अंशांवर नेऊन मायोसिस सुरू करत असाल, तर साधा स्ट्रेनही त्याच तापमानाला ठेवा. उष्णतेनेही जनुकं बदलतात.

एमएमआय१मध्ये वायटीएच डोमेन, म्हणजे आरएनए धरणारा भाग, दिसलं की आरएनएवर एम६ए ही मिथाइल खूण शोधत बसू नका. बेकरीच्या यीस्टमध्ये आयएमई४ हे प्रथिन ती खूण लावतं हे खरं. पण पाँबेचं एमएमआय१ मिथाइल नसलेला यूएनएएएसी हा क्रम वाचतं, आणि तेही त्या डोमेनच्या वेगळ्या बाजूने. दोन यीस्टचे नियम एकमेकांत मिसळले, की महिने वाया जातात.

मायोसिस खरंच सुरू झालं का, हे सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ कळतं. वाढत्या पेशीच्या केंद्रकात एमएमआय१चे अनेक ठिपके असतात. नायट्रोजन संपला की एमईआय२ हे प्रथिन आणि मेईआरएनए हा आरएनए मिळून एमएमआय१ला मेईआरएनए ज्यावरून बनतो त्या एसएमई२ जनुकाजवळ अडकवतात आणि एकच ठळक ठिपका उरतो. सगळीकडे अनेक ठिपके तसेच दिसत असतील, तर माध्यम बदलताना पेशी नीट धुतल्या होत्या का ते आधी पाहा. उरलेला नायट्रोजन मायोसिस रोखून धरतो.