लग्नासाठी सहकुटुंब ठाण्याला येताय? भेटीगाठींसकट चार दिवसांची आखणी

ठाण्यात घरचं लग्न असलं की आमच्या नौपाड्याच्या घरी पाहुणे उतरतात. कुडाळहून, कणकवलीहून, कधी सांगलीहून. लग्न छान पार पडतं, आणि निघताना चपला घालता घालता कोणीतरी म्हणतंच, "अगं, आत्यांकडे जायचं राहूनच गेलं."

आमच्याकडे हे खरोखर घडलं. ह्यांच्या आत्या ऐरोलीला असतात. माझे दीर-जाऊ मुलांना घेऊन पुतणीच्या लग्नाला आले होते. आत्यांना फोनवर सांगितलं, "लग्न लागलं की संध्याकाळी येतो." हॉल घोडबंदरला. पाठवणी लांबली, मुलं पेंगुळली, रात्रीची गाडी गाठायची होती. जाणं झालं नाही. आठवड्याने मी गेले तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितलं, की आत्या त्या दिवशी चार वाजताच इस्त्रीची साडी नेसून गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या, आठपर्यंत. ओल्या नारळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा तसाच ओट्यावर होता. त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: भेटी लग्नाच्या आधी उरका, नंतरवर ठेवू नका. खालची सगळी आखणी त्याच हिशेबाने आहे. लग्न रविवारी धरलंय. शुक्रवारी सकाळी पोचायचं, त्या दिवशी भेटी, शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी परत.

तारीख कळली की आधी तिकीट

पत्रिका हातात पडायची वाट बघू नका. पत्रिका महिनाभर आधी येते आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. त्यामुळे साखरपुड्यातच तारीख विचारून कॅलेंडरवर ६० दिवस मागे मोजून खूण करा. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळ्या दिवशी उघडेल, हेही ध्यानात ठेवा.

मेमधलं लग्न असेल तर कोकणातल्या मंडळींना एक फायदा आहे. महिन्याच्या सुरुवातीला चाकरमानी गावाकडे निघालेले असतात, तुम्ही उलट्या दिशेने येता. पण मेअखेरीचं लग्न असेल तर तेच चाकरमानी तुमच्याच गाडीने परत येणार. तेव्हा हयगय नको. तत्काळवर विसंबू नका. ते आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० ला आणि स्लीपरसाठी ११ ला उघडतं, ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं, आणि चौघा-पाचांना एकत्र जागा मिळेलच असं नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही. रात्रभराच्या प्रवासाला पूर्ण तिकीट काढलेलंच बरं.

आता एक गोष्ट, जिच्यात आम्ही स्वतः पोळलो आहोत. सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस दादरहून सुटते तीच रात्री बारा वाजून गेल्यावर. म्हणजे रविवारी रात्री जेवून तुम्ही ठाणे स्टेशनवर गेलात तरी गाडीची तारीख सोमवारची असते. माझ्या भावाचं तिकीट मी काढलं होतं, ते रविवारचं. म्हणजे गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली. चार बॅगा, झोपलेली मुलगी खांद्यावर, आणि टीसीने तिकीट बघून शांतपणे बोट ठेवलं ते तारखेवर. भाऊ काही बोलला नाही, पण सकाळी परळहून सुटणारी एसटी मिळेपर्यंत मला चैन नव्हतं. बारानंतरच्या कोणत्याही गाडीचं तिकीट काढताना तारीख बोटाने मोजा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवा.

एसटीने येणार असाल तर बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात प्रवास मोफत. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. आजोबांचं आधार कार्ड बॅगेच्या तळाशी न ठेवता खिशात द्या.

कुठे उतरायचं, हे लग्नघराला विचारा

पत्रिकेवर नुसतं 'ठाणे' असलं तरी हॉल स्टेशनजवळ असेल किंवा कासारवडवलीला, स्टेशनपासून दहाएक किलोमीटरवर. लग्न नवी मुंबईत असेल तर कोकणातून येणाऱ्यांनी ठाण्यापर्यंत न येता पनवेललाच उतरावं. तिथून नेरूळ, वाशी लोकलने सोपं पडतं. पुण्याकडून बसने येणाऱ्यांनाही वाशी, सानपाडा, नेरूळकडे हायवेवर उतरता येतं. ठाण्याला उतरलात तर एक नंबर फलाटाच्या बाजूने पश्चिम, दहाच्या बाजूने पूर्व, म्हणजे कोपरी. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर सामानासकट पूल पुन्हा चढावा लागतो. सकाळी साधारण ८ ते ११ मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅगा घेऊन चढायचा प्रयत्नही करू नका. फलाटावर चहा प्या, मुलांना सांगा की देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघून इथेच, ठाण्याला आली होती. मग गर्दी ओसरली की निघा.

ज्यांच्याकडे उतरणार त्यांना काय कळवायचं

माणसं नेमकी किती, हे स्पष्ट सांगा. "आम्ही चार-पाच जण" म्हणून सात जण येऊ नका. वन बीएचकेमध्ये दोन माणसं वाढली की गाद्यांचा हिशेब बदलतो. पाण्याची वेळ विचारून ठेवा, कारण लग्नाच्या सकाळी एका बाथरूमपुढे सहा जण उभे असतात. चादरी आणि टॉवेल आपले आणा. गाडी आणणार असाल तर गाडीचा नंबर आधी पाठवा. सोसायटीच्या गेटवर नोंद केलेली नसेल तर वॉचमन आत सोडत नाही, आणि पाहुण्यांचं पार्किंग सगळीकडे नसतं. औषधं, पथ्यपाणी, कोणाचा उपास, हेही फोनवरच बोलून घ्या. यात संकोच करू नका. घरच्या बाईला आधी कळलं तर तिची धावपळ वाचते.

भेटींचा दिवस

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. घरी बसून ज्यांना भेटायचं त्यांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे स्टेशन लिहा. ठाण्याहून वाशीकडे जाणारी गाडी नऊ-दहा नंबर फलाटावरून सुटते: दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. एका ओळीत येणारी घरं एका दिवशी घ्या. कळवा, मुंब्रा, दिवा ही दुसरी ओळ. दोन ओळी एका दिवसात बसत नाहीत.

घरं तीनच. चौथं घेतलंत तर तिन्हीकडे घड्याळ बघत बसाल. जी माणसं हॉलवर येऊ शकणार नाहीत ती पहिली: गुडघ्यांमुळे जिना उतरता न येणारी, अंथरुणाला खिळलेली, नुकतं घरात कोणी गेलेलं म्हणून मंगलकार्याला न येणारी. हॉलवर भेटणाऱ्यांना हॉलवर भेटाच. वयस्कर माणसांकडे सकाळी दहाच्या सुमाराला जा, तेव्हा ती ताजी असतात. एक ते चार कोणाचीही झोपमोड करू नका. जेवण एकाच घरी आणि ते आधी ठरवून. बाकी दोन्हीकडे "फक्त चहा" असं आदल्या दिवशी सांगा, नाहीतर ती माऊली पहाटे उठून पुरण घालते.

गेल्यावर मोबाइल पिशवीत ठेवा. मुलांना पाया पडायला सांगा, आणि कोण लागतं तेही सांगा: "ह्या बाबांच्या आत्या." कानाने कमी ऐकू येत असेल तर शेजारी बसून बोला, समोरच्या सोफ्यावरून नाही.

गावाहून काय न्यायचं? कोकम, कुळथाचं पीठ, फणसपोळी, दिवस असतील तर आंबे. सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं की पहिल्याच घरी अर्धं संपतं. गावीच घरटी एक पिशवी भरून तिच्यावर नाव लिहा. ओटीचे खण आणि नारळ वेगळे बांधा. नारळ सोलून शेंडी ठेवलेले आणा, वजन कमी होतं.

हळद आणि लग्न

आगरी-कोळी घरातलं लग्न असेल तर हळदीला पोचायलाच हवं. घणसोली, दिवाळे, करावे अशा गावांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते, धवलारणी, म्हणजे लग्नगीतं म्हणणाऱ्या बायका, धवले गातात, सगळा गाव जेवायला येतो. फक्त लग्नाला टेकून गेलात तर त्या घराला वाईट वाटतं. इतर घरांतही घाणा भरायला, हळद लावायला आपली माणसं लागतात. विचारून घ्या, मदतीला जा.

लग्नाला मुहूर्ताच्या तासभर आधी हॉलवर. घोडबंदर रस्त्यावर जायचं असेल तर आणखी अर्धा तास धरा. अंतरपाट धरल्यावर पोचलात तर अक्षता लांबूनच टाकाव्या लागतात. आहेराच्या पाकिटावर नाव, गाव आणि नातं स्वच्छ अक्षरात, घरूनच लिहून आणा. रात्री वरमाई आणि तिची बहीण गादीवर बसून यादी करतात, आणि 'सुरेश' एवढंच लिहिलेली तीन पाकिटं त्यांच्या पुढ्यात येतात. पत्रिकेत 'आहेर आणू नये' लिहिलं असेल तर ते पाळा. ओटी मात्र भरता येते.

परतीच्या दिवशी

सोमवारी सकाळी काही ठरवू नका. लग्नघरी सत्यनारायण असेल तर तीर्थप्रसाद घेऊन या. मुलं कंटाळली तर संध्याकाळी तलावपाळीला फिरवा, कौपिनेश्वराचं देऊळ तिथेच आहे. येताना एक रिकामी पिशवी घडी करून आणलेली असू द्या. निघताना लाडू-चिवड्याचे डबे, कोणाची साडी, कोणाच्या मुलीची लहान झालेली फ्रॉकं हमखास मिळतात. आत्यांकडचा वड्यांचा डबाही त्यातच. तो स्टीलचा असतो, तेव्हा झाकणावर त्यांचं नाव लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला भरून परत आणा.