पेल्यात पाणी का चढते? एका प्रयोगातून चिकित्सक विचाराचा सराव

विज्ञानाचा प्रयोग करून दाखवण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचा अंदाज वहीत लिहायला लावावा. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रयोग नुसता पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे आकलन तो न पाहणाऱ्यांपेक्षा फारसे चांगले आढळले नाही. आधी अंदाज वर्तवणाऱ्यांचे आकलन मात्र वाढलेले दिसले. या पद्धतीसाठी मला सर्वांत उपयुक्त वाटणारा प्रयोग अगदी साधा आहे.

पसरट थाळीत मधोमध मेणबत्ती चिकटवून एक सेंटिमीटर उंचीइतके रंगीत पाणी ओतावे, मेणबत्ती पेटवावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा. (मोकळे केस आणि सैल बाह्या आधी आवरून घ्याव्यात, ओले फडके हाताशी ठेवावे.) पेला घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: ज्योतीचे काय होईल आणि पेल्यातील पाण्याचे काय होईल? ज्योत विझेल हे बहुतेक जण ओळखतात, पण पाणी पेल्यात वर चढलेले पाहून वर्ग थक्क होतो.

खरे काम येथून पुढे सुरू होते. कारण विचारताच हमखास येणारे उत्तर असे असते की, ज्योतीने ऑक्सिजन वापरला आणि त्याची रिकामी जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि पाणीही कधीकधी पेल्याच्या पाचव्या भागाच्या आसपास चढते, त्यामुळे हे उत्तर पटण्याजोगे वाटते आणि अनेकदा तसेच शिकवलेही जाते. शिक्षकाने येथे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे काहीही म्हणू नये. त्याऐवजी विचारावे, ‘हे कारण खरे असेल, तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्यावर पाणी किती चढेल?’ पेला तोच असल्याने ऑक्सिजनही तेवढाच, म्हणजे पाणीही तेवढेच चढायला हवे, हा निष्कर्ष मुलांनी स्वतः काढेपर्यंत थांबावे, मग वाटल्यास मिनिटभर शांतता पसरली तरी चालेल. प्रत्यक्षात तीन मेणबत्त्यांनी पाणी सहसा लक्षणीयरीत्या अधिक चढते.

आता पहिला प्रयोग पुन्हा करावा आणि केवळ वेळेकडे लक्ष द्यायला सांगावे. पेला ठेवताना त्याच्या काठाखालून बुडबुडे निघताना बऱ्याचदा दिसतात, आणि पाणी मुख्यतः ज्योत मंदावून विझल्यानंतर झपाट्याने चढते. ऑक्सिजन खर्च होणे हेच कारण असते, तर ज्योत जळत असतानाच पाणी हळूहळू चढत गेले असते. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग बाहेर पडतो. ज्योत विझताच आतील वायू थंड होतो, वाफेचे पाणी होते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. हे स्पष्टीकरण आपण देऊ नये. बुडबुडे आणि वेळ या दोन निरीक्षणांवरून ते गटचर्चेतून येऊ द्यावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: ऑक्सिजनचा वाटा शून्य नाही. मेण जळताना खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या दर तीन रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण दोनच रेणू तयार होतात, त्यामुळे वायूचे आकारमान थोडे घटते. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. पहिले उत्तर संपूर्ण टाकाऊ नसून अपुरे होते, हे कळणे मोठ्या मुलांसाठी विशेष मोलाचे आहे.

तासाच्या शेवटी मूळ अंदाज खोडू देऊ नयेत. त्यांच्या शेजारी नवे मत आणि ते बदलण्यास भाग पाडणारे निरीक्षण लिहून घ्यावे. दुसऱ्या दिवशी, ज्योतीशिवाय पाणी चढवता येईल का, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. कडकडीत नव्हे, पण चांगल्या गरम पाण्याने जाड काचेचा पेला विसळून लगेच थंड पाण्याच्या थाळीत पालथा घातला की थोडे पाणी वर चढते, आणि तिथे ऑक्सिजन वापरणारे काहीच नसते.