पेट्रोल टाकीचं झाकण घरी बदलताना

हे काम हाताने होतं. जॅक नको, गाडीखाली शिरणं नको. डोकं खातं ते योग्य झाकण निवडणं, आणि मुळात झाकणच बिघडलंय का हे ठरवणं. म्हणून नवीन मागवायच्या आधी जुनं काढून उजेडात धरा.

झाकणाच्या आत, आट्यांच्या वरच्या कडेला एक काळी रबरी रिंग असते. ती अंगठ्याच्या नखाने हलकेच दाबून पाहा. चांगली रिंग दबते आणि परत फुगते. म्हातारी झालेली रिंग कडक लागते, चपटी झालेली असते आणि ताणली की बारीक केसासारख्या चिरा दिसतात. मी मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पूर्ण गोल फिरवून बघते, कारण चीर नेमकी झाकणाला गाडीशी बांधून ठेवणाऱ्या पट्टीमागे लपलेली असते. मग झाकण लावून घट्ट फिरवा. कटकट आवाज आला पाहिजे. तो न येता झाकण नुसतंच फिरत राहिलं, तर आतली दातेरी रिंग गेली.

तिसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत हवा शिरावी लागते, आणि बऱ्याच झाकणांत त्यासाठी छोटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की टाकीत पोकळी तयार होते. गाडी थोडं अंतर नीट चालते, मग अडखळते, आणि झाकण उघडलं की हवा जोरात आत ओढली जाऊन पुन्हा सुरळीत. झाकण उघडताना थोडंसं फुस्स होणं मात्र आजार नाही, विशेषतः उन्हात उभ्या गाडीत.

आमचे दीर म्हणतात, "वहिनी, नुसतं वायसर बदला की, अख्खं झाकण कशाला?" फक्त रबर खराब असेल आणि तेवढीच रिंग मापात मिळत असेल, तर त्यांचं बरोबर आहे. दातेरी रिंग किंवा व्हॉल्व्ह गेला असेल तर अख्खंच बदला.

आता निवड. बरणीला दुसऱ्या बरणीचं झाकण बसलं म्हणजे झालं, तसं इथे चालत नाही. काही झाकणांना आटे असतात, काही नुसती पाव फेरी फिरवून खाचेत अडकतात. बसलं तरी व्हॉल्व्ह वेगळा असू शकतो. खूप जुन्या गाड्यांच्या झाकणाला हवेसाठी उघडं भोक असायचं. तसं झाकण आजच्या गाडीला लावलं तर वाफ गळते आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. उलट, जुन्या गाडीला पूर्ण बंद झाकण लावलं तर टाकीत पोकळी होते. म्हणून जुन्या झाकणावर कोरलेला पार्ट नंबर बघा. तो पुसला गेला असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि १७ अक्षरी चेसिस नंबर देऊन मागवा. कुलूपवालं झाकण घेणार असाल तर हेही बघा, की ते लावल्यावर बाहेरचा फ्लॅप पूर्ण मिटतो का.

काम मोकळ्या हवेतच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते; बंद गॅरेजमध्ये ती कोपऱ्यात बसून राहते. इंजिन बंद, आसपास सिगारेट, उदबत्ती, काहीही पेटतं नको. हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

झाकण सोडवून त्याची पट्टी बघा. तिचं एक टोक झाकणाच्या खोबणीत गोल अडकलेलं असतं, ते ओढलं की निघतं. दुसरं टोक फ्लॅपला किंवा तोंडाजवळच्या भोकात प्लास्टिकच्या खुंटीने बसवलेलं असतं. खुंटीचे पंख मागून पकडीने चिमटून पुढे ढकला. पुढून ओढलंत तर खुंटी तुटते आणि तुकडा आत पडायची भीती. या वेळी टाकीच्या तोंडात स्वच्छ फडकं अलगद खोचून ठेवा आणि काम संपल्यावर आठवणीने काढा.

नवीन झाकण लावण्याआधी ज्या कडेवर रबर टेकतं ती कड कोरड्या फडक्याने पुसा आणि बोट फिरवा. गंजाची खपली किंवा खाच असेल तर नवं झाकणही गळणार. रबराला ग्रीस, तेल काही लावू नका. पट्टी खुंटीने दाबून बसवा, मग झाकण आधी किंचित उलटं फिरवा. आटे जागेवर आल्याचं हाताला कळतं. त्यानंतर सुलटं, कटकट होईपर्यंत. एक कट की तीन, हे बहुतेकदा झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पट्टी रबराखाली चेमटली नाही ना, तेवढं बघा.

चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर तो लगेच विझत नाही. गाडी गळतीची तपासणी ठराविक परिस्थितीतच करते, त्यामुळे काही दिवसांचं नेहमीचं चालवणं व्हावं लागतं. गाडीतल्या बिघाडाचे कोड दाखवणारा स्कॅनर असेल तर कोड वाचा: पी०४५७ म्हणजे झाकण सैल किंवा उघडं असल्याचा संशय, पी०४५५ म्हणजे मोठी गळती. कोड पुसूनही पुन्हा आला, तर झाकणाला दोष देऊ नका. टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाणारा पाइप किंवा ती वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह तपासायला गाडी मेकॅनिककडे न्या, आणि झाकण नुकतंच बदललंय हे त्याला आधीच सांगा.