डब्यांपासून लाकडाच्या वायूची चूल: घरी बनवा, बाहेर पेटवा

शेकोटीचा डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळता वाया चाललेलं सरपण. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी उडतं. पुढे साधारण २५०-३०० अंश सेल्सिअसच्या वर त्यातून कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन आणि डांबरी वाफा निघू लागतात. उघड्या जाळात यातलं बरंच काही तसंच उडून जातं. दुहेरी भिंतीच्या चुलीत या वायूला वरच्या बाजूला गरम हवा मिळते आणि तो तिथेच जळतो. वरून पेटवायच्या अशा चुली १९८० च्या दशकात अमेरिकेचे थॉमस रीड आणि नॉर्वेचे पॉल वेंडेल्बो यांनी स्वतंत्रपणे विकसित केल्या. आपण तिचं छोटं रूप करू.

काय लागेल

साधारण १० सेंमी व्यासाचा, १२ सेंमी उंच आणि दुमडलेल्या काठाचा टिनचा डबा आत बसेल. बाहेरचा डबा १५ सेंमी व्यासाचा, १७-१८ सेंमी उंच आणि घट्ट झाकणाचा हवा. रंग भरायचा कोरा डबा चालतो. भांडं ठेवायला आतल्या डब्याएवढ्याच किंवा थोड्या जास्त रुंदीचा आणखी एक डबा घ्या. ड्रिल, पत्रा कापायची कात्री, कानस आणि जाड हातमोजे जवळ ठेवा. जस्त चढवलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा मात्र अजिबात नको. तो तापला की निघणारा धूर विषारी असतो.

भोकं आणि जोडणी

आतल्या डब्याच्या तळाला ६ मिमीची सुमारे २४ भोकं पाडा. सरपणाला लागणारी हवा इथून येईल. मग याच डब्याच्या काठापासून दीड-दोन सेंमी खाली, सगळीकडून गोल, ८ मिमीची १८ भोकं पाडा. वायू इथे जळणार आहे, म्हणून ही ओळ सरळ आणि सारख्या अंतरावर यायला हवी. भोक पाडताना आत लाकडाचा ठोकळा धरला तर पत्रा चेपत नाही.

बाहेरच्या डब्याला तळाजवळ १२ मिमीची १६ भोकं द्या. आतल्या सगळ्या भोकांना पुरेल इतकी हवा इथून शिरायला हवी. इथे कंजूषी केली की चूल गुदमरते. आता बाहेरच्या डब्याच्या झाकणात आतला डबा घट्ट सरकेल एवढं वर्तुळ कापा, धार कानसून घ्या आणि आतला डबा वरून असा बसवा की त्याचा काठ झाकणावर अडकेल. झाकण दाबून बसवा. फट राहिली तर गरम हवा भोकांतून आत जाण्याऐवजी तिथूनच निसटते.

तिसऱ्या डब्याचं चार-पाच सेंमी उंचीचं, दोन्ही बाजूंनी उघडं कडं कापा आणि त्याच्या वरच्या काठाला मोठ्या खाचा पाडा. भांडं थेट चुलीच्या तोंडावर ठेवलं तर ज्योत दबते.

पेटवणं

डब्यांना आतून लेप असतो. म्हणून पहिला जाळ उघड्यावर, काही न शिजवता करा आणि धुरापासून लांब राहा.

सरपण कडकडीत वाळलेलं हवं. बोटाएवढ्या जाडीचे, तीन-चार सेंमी लांबीचे तुकडे वरच्या भोकांच्या ओळीखालपर्यंतच भरा. वर बारीक काड्या आणि कागद ठेवून वरून पेटवा. खालून पेटवायची सवय इथे मोडावीच लागते: जाळाचा थर वरून खाली उतरतो, खालून वर येणारा वायू त्या तापलेल्या थरातून जातो आणि भोकांतल्या हवेला भेटून पेट घेतो. सुरुवातीला थोडा धूर होईल. काही मिनिटांत भोकांच्या कडेने ज्योती आत वळू लागल्या की कडं आणि भांडं ठेवा.

धूर हटत नसेल तर आधी सरपणाच्या ओलेपणावर शंका घ्या, मग ते भोकांच्या वर आलंय का ते पाहा. वाऱ्याने ज्योत विझून दाट पांढरा धूर निघाला तर लांब काडी पेटवून तोंडाशी धरा. वायू भपकन पेटतो, म्हणून चेहरा दूर ठेवा. मध्येच मूठभर सरपण टाकू नका. एक भरण संपू द्या.

सांभाळायचं ते

ज्योत संपल्यावर डब्यात लालबुंद कोळसा उरतो. धूर दिसत नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला ना रंग ना वास. त्यामुळे ही चूल तंबूत, गाडीत किंवा बंद खोलीत कधीही पेटवू नका, आणि ऊब हवी म्हणून विझत आलेली चूलही आत नेऊ नका. जमिनीवरचं वाळलं गवत आणि पाला दूर करून ती सपाट दगडावर मांडा. पेटलेली असताना उचलू नका. शेवटी कोळशावर बाजूने, बेताने पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताला पूर्ण गार लागला की मगच डबा रिकामा करा.