स्टर्नड्राइव्ह बसवण्याआधी इंजिनची रेषा अशी तपासा

स्टर्नड्राइव्ह म्हणजे बोटीच्या आतल्या इंजिनला मागून बाहेरच्या बाजूने जोडलेले प्रोपेलरचे युनिट. काही नव्या बोटींत कपलरच्या (इंजिनला ड्राइव्हच्या शाफ्टशी जोडणाऱ्या भागाच्या) स्प्लाइन, म्हणजे त्यातल्या लांबट खाचा, लवकर झिजतात आणि गिंबल बेअरिंग (तो शाफ्ट ज्यातून जातो ते बेअरिंग) घुरघुरायला लागते. यामागे अनेकदा इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत नसणे हे कारण असते. अलाइनमेंट बार (रेषा तपासण्यासाठी शाफ्टच्या जागी घालायचा सरळ दांडा) हाताशी असेल तर तपासणीला फार वेळ लागत नाही.

१. ट्रान्समकडचे (बोटीच्या मागच्या भिंतीकडचे) मागचे माउंट, म्हणजे इंजिनचे आधार, आधी ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा. ते सैल असताना घेतलेले माप फुकट जाते.
२. बार गिंबल बेअरिंगमध्ये घालून वर-खाली, डावीउजवीकडे हलवा, म्हणजे बेअरिंग स्वतः सरळ होते.
३. बार बाहेर काढा, टोकाच्या स्प्लाइनला ग्रीसचा पातळ थर द्या आणि न फिरवता सरळ कपलरमध्ये सरकवा. दोन बोटांच्या जोरात तो आत गेला पाहिजे.
४. बार काढून ग्रीसवरचे ठसे पाहा. चारही बाजूंनी सारखे असतील तर काम झाले. वर किंवा खाली खोल उमटले असतील तर पुढच्या दोन्ही माउंटचे नट सारखेच, पाव-पाव फेरा फिरवा आणि नव्या ग्रीसने पुन्हा पाहा. ठसे बिघडले तर उलट दिशेने फिरवा.

माउंटचे नट जागेवर धरणारे लॉकनट आवळताना इंजिन किंचित सरकू शकते. म्हणून आवळल्यावर शेवटची तपासणी हवीच. चूक बहुधा इथेच राहते.

बार अडला तर हातोडी मारू नका. ठोकून आत घातलेला बार चुकीची रेषाही बरोबर असल्यासारखी दाखवतो, शिवाय बेअरिंग दुखावते.